घटसर्पाची लस : गोठ्यातली आणि पाळण्यातली

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



मृग नक्षत्र जवळ आले की गावात जी कामे ठरलेली असतात, त्यांत एक काम गोठ्याचे असते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून निरोप येतो, "घटसर्पाची आणि फऱ्याची लस आली आहे, जनावरे घेऊन या." मग कुणी बैल सोडतो, कुणी म्हैस ओढत नेतो, खोड्यापुढे रांग लागते. त्या दिवशी औत थांबले तरी कुणी कुरकुर करीत नाही. कारण घटसर्प म्हणजे काय ते आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. पहिला पाऊस पडतो, सकाळी चांगली असलेली म्हैस दुपारी वैरण सोडते, अंगात ताप भरतो, गळा सुजतो, श्वासाला घरघर लागते आणि डॉक्टर येईपर्यंत सारे आटोपलेले असते. ज्याच्या दावणीची म्हैस अशी गेली, तो पुन्हा कधी लस चुकवत नाही.

आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या घटसर्पाविषयी. तो गोठ्यात येत नाही, पाळण्यापाशी येतो.

एक नाव, दोन रोग

आपल्या भाषेत घटसर्प हे नाव दोन निरनिराळ्या रोगांना आहे. दोन्हींत गळ्यापाशी सूज येते आणि श्वास कोंडतो, पण दोन्हींचे जंतू वेगळे. म्हशीला घटसर्प झाला म्हणून घरातल्या मुलाला हा घटसर्प होत नाही, आणि म्हशीला टोचलेल्या लसीचा मुलाला काही उपयोग नाही. मुलाची लस वेगळी आहे आणि ती मुलालाच टोचावी लागते.

मुलांच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. हा रोग खोकल्याशिंकेतून एकाचा दुसऱ्याला लागतो. आधी घसा दुखतो, थोडा ताप येतो. घरच्यांना वाटते, पडसे असेल, काढा देऊ. दोन-तीन दिवसांत घशात राखी-पांढरा पापुद्रा धरतो. तो पुसून निघत नाही, ओढला तर रक्त येते. मान सुजते, श्वास अडकतो. त्याहून वाईट म्हणजे या जंतूचे विष रक्तात उतरते आणि हृदयाला धक्का देते. उपचार मिळूनही दहा रुग्णांमागे एखादा दगावतो. विषावरचा उतारा लवकर टोचावा लागतो, आणि तो मोठ्या दवाखान्यातच मिळायचा. लस मात्र आपल्या उपकेंद्रात येते, अंगणवाडीत येते आणि तिला एक पैसाही पडत नाही.

हा रोग गेला असे समजू नका. भारतात अजूनही दरवर्षी घटसर्पाचे रुग्ण निघतात. त्यांत पाच वर्षांच्या पुढची मुलेही बरीच असतात. लहानपणी दोन डोस झाले, पुढचे राहिले, शाळेत जायच्या वयाचा डोस तर कुणाच्या ध्यानातच नव्हता, अशी ही मुले.

आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमच्या बैलाला शेवटची लस कधी टोचली ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या धाकट्या मुलाचा तिसरा डोस कधी झाला? त्याचे लसीचे कार्ड घरात कुठे आहे? पुष्कळ बापांना याचे उत्तर येत नाही. "ते घरच्यांना ठाऊक," असे म्हणून ते मोकळे होतात. गोठ्याचे काम बापाचे आणि पाळण्याचे आईचे, अशी ही वाटणी आहे. या वाटणीत मुलाचे डोस चुकतात. कसे चुकतात ते पुढे सांगतो.

जगातून गेलेले दोन रोग

आधी लसीने काय होते ते पाहू. जगाच्या पाठीवरून आजपर्यंत समूळ गेलेले रोग दोनच. त्यांतला एक माणसाचा आणि एक गुरांचा.

माणसाचा रोग म्हणजे देवी. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. गुरांचा रोग म्हणजे बुळकांडी. ती एकदा गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. आपल्याकडे ती १९९५ नंतर दिसली नाही, आणि २०११ साली जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. देवी आणि बुळकांडी, दोन्ही गेल्या त्या लसीमुळे. गावोगाव, वाडीवस्तीवर फिरून लस टोचणाऱ्यांमुळे, आणि दंड पुढे करणाऱ्या, दावे सोडून जनावर पुढे आणणाऱ्या साध्या माणसांमुळे.

लसीची सुरुवातच मुळी गोठ्यात झाली. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर या डॉक्टरांनी, गाईच्या देवीचे फोड हातावर आलेल्या एका गवळणीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला. त्या मुलाला पुढे माणसाच्या देवीची बाधा झाली नाही. इंग्रजीत लसीला जो शब्द आहे, तोही लॅटिन भाषेतल्या गाईच्या नावावरूनच आला. ही लस सहाच वर्षांत आपल्या मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी तिथे तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली गेली. भारतातली ती पहिली लस.

तेव्हाही लोक भीत होते. देवी काढणारा माणूस गावात आला की पोरे कणगीआड लपवायचे, असे जुनी माणसे सांगतात. आज तुमच्या घरातल्या आजोबा-आजींचे दंड बघा. त्यावर देवी काढल्याचे वण दिसतील. कुणी तुम्हाला म्हणाले की लस टोचली तर पुढे मूल होत नाही, तर त्याला हे वण दाखवा. त्या दंडांची माणसे आपली आईबापे, आजी-आजोबा झाली, म्हणून आपण आज इथे आहोत.

पोलिओचेही तसेच. आपल्या देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात निघाला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पण पाकिस्तानातून आणि अफगाणिस्तानातून पोलिओ अजून पुरता गेलेला नाही. म्हणून आपल्याला डोस थांबवता येत नाहीत.

लस दिल्यावर ताप येतो, त्याचे काय?

आता डोस का चुकतात त्याकडे वळू. पहिले कारण ताप.

बाळ दीड महिन्याचे झाले की त्याला पेंटाची लस टोचतात. या एका सुईत पाच रोगांवरचा उपाय असतो : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, यकृताला सूज आणणारी ब प्रकारची कावीळ, आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर. ही लस टोचली की बऱ्याच बाळांना एक-दोन दिवस ताप येतो. मांडीवर थोडी सूज येते, बाळ किरकिरे होते. रात्री बाळ रडू लागले की घरात बोलणी सुरू होतात. सासू म्हणते, "पोर चांगलं खेळत होतं, कशाला सुई टोचून आणलीस?" नवरा कूस बदलतो, "पुन्हा नेऊ नको त्याला." बोलणी खाल्लेली ती आई पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन जात नाही. आशाताई दारात आल्या तर, "बाळ झोपलंय, उद्या बघू," म्हणते. दुसरा डोस चुकतो तो इथे.

बंधूंनो, लाळ-खुरकुताची लस टोचली की गाय दोन दिवस दूध कमी देते. आपण म्हणतो, देऊ दे, अंगात लस काम करते आहे, दोन दिवसांनी येईल दूध. पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा टोचून घेतो. गाईच्या बाबतीत जी समजूत आपल्याला आहे, तीच बाळाच्या बाबतीत धरायची. शरीर रोगाशी लढायची तालीम करते, म्हणून अंग तापते. लस टोचून ताप आला नाही तरी घाबरू नका, तेव्हाही ती लागू झालेली असते.

तापाला काय करायचे ते सांगतो. नर्सबाई तापाचे औषध देतात आणि बाळाच्या वजनाप्रमाणे किती पाजायचे तेही सांगतात. तेवढेच पाजा. बाळाला अंगावर पाजत राहा. सैल, सुती कपडे घाला. टोचल्या जागी चोळू नका, हळद, चुना, शेण, कसलाही लेप लावू नका. जन्मल्यावर डाव्या दंडाला जी बीसीजी टोचतात, त्या जागी काही आठवड्यांनी लहानशी पुळी येते, फुटते आणि वण राहतो. तो पिकलेला फोड नव्हे. त्याला हात लावू नका, मलम नको, आपोआप सुकते.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित एखाद्या बाळाला जास्त त्रास होतो. तो झाला तर समोर नर्सबाई असाव्यात, म्हणून हे बसणे. घरी आल्यावर झटके आले, अंगावर गांधी उठून धाप लागली, बाळ मलूल पडले, किंवा तासन् तास रडणे थांबेना, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणि पुढच्या डोसाच्या वेळी हे सारे नर्सबाईंना आधी सांगा. साधी सर्दी, थोडा खोकला, दोनदा पातळ शी झाली, एवढ्यासाठी मात्र लस टाळू नका. बाळ फार आजारी असेल तर ती कधी द्यायची ते नर्सबाई किंवा डॉक्टर ठरवतील, आपण ठरवायचे नाही.

एकदा टोचून का भागत नाही?

"एकदा टोचली, झाले की," असेही म्हणणारे भेटतात. त्यांना गव्हाचे उदाहरण देतो. पेरणीनंतर साधारण एकवीस दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हा गव्हाला पाणी लागते. ते चुकले तर फुटवे कमी होतात. पण ते दिले म्हणजे पीक हाती आले असेही नाही. पुढे फुलोऱ्याला पाणी लागते, दाणा भरताना लागते. प्रत्येक पाण्याची वेळ ठरलेली. लसीचेही तसेच. पहिल्या डोसाने शरीराला रोगाची ओळख होते, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने ती पक्की होते. वर्षांनी ती ओळख पुसट होऊ लागते, म्हणून दीड वर्षाला, पाचव्या-सहाव्या वर्षी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा टोचावे लागते.

गोवराची लस नवव्या महिन्यात का, असे भगिनी विचारतात. आईच्या अंगातली थोडी प्रतिकारशक्ती बाळाला पोटातच मिळते. ती सुरुवातीचे महिने टिकते आणि तोवर गोवराची लस नीट लागू होऊ देत नाही. नवव्या महिन्यात ती ओसरते, म्हणजे बाळ उघडे पडते. तीच वेळ लसीची. तरीही शंभरातल्या दहा-पंधरा बाळांना पहिल्या डोसाने पुरते संरक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी दीड वर्षाच्या सुमारास दुसरा डोस.

गोवराला हलके मानू नका. "गोवर आला, देवीची कृपा झाली, औषध द्यायचं नाही," असे म्हणून मूल घरात ठेवतात आणि गोवरामागून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कधी डोळे जातात. गोवराइतका झपाट्याने पसरणारा रोग क्वचितच असेल. लस न झालेल्या मुलांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देतो. २०२२ साली मुंबईत, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. लागण झालेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले बहुसंख्य होती.

शेताला काटेरी कुंपण घालता आणि एका जागी खिंडार राहते. ढोरे कुठून शिरतात? तिथूनच. गावातल्या शंभर मुलांपैकी पंचाण्णव मुलांना गोवराचे दोन्ही डोस झाले, तर रोगाला शिरायला वाट राहत नाही. आणि ज्या बाळाचे वय लसीचे झालेले नाही, तेही या कुंपणाआड सुरक्षित राहते. म्हणजे आपल्या मुलाला टोचून घेतो तेव्हा शेजाऱ्याच्या तान्ह्यालाही आपण राखतो.

धनुर्वाताला मात्र हा नियम लागू नाही. त्याचा जंतू माणसाकडून माणसाकडे जात नाही. तो मातीत आणि शेणात असतो, म्हणजे आपल्या रोजच्या जागेत. शेजारच्या सगळ्यांना लस झाली म्हणून तुम्ही वाचत नाही, ज्याची त्याला घ्यावी लागते. गरोदरपणी आईला लस टोचली की बाळही पहिले काही आठवडे सुरक्षित राहते. अशा लसीमुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे आणि नाळेला शेणमाती न लावल्यामुळे, एके काळी हजारो तान्ह्यांचा जीव घेणारा हा रोग इतका मागे हटला की २०१५ साली भारताने माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे मान्य झाले. पण माती तीच आहे आणि जंतूही तिथेच आहेत. लस सोडली तर तो परत येईल.

टोळीबरोबर जाणारी बाळे

आता ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त कळकळ आहे, त्यांच्याकडे वळतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे. बैलांना नाल ठोकले जातात, गाडीला वंगण होते, भांडीकुंडी बांधली जातात. नवरा-बायकोचा कोयता निघतो तो कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, पुण्या-सोलापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये. पाच-सहा महिने बाळ फडावर, कोपीत.

हिशेब करून पाहा. बाळ पंधरा ऑगस्टला जन्मले. पेंटाचा पहिला डोस सव्वीस सप्टेंबरच्या सुमारास, तो गावात होतो. दुसरा चोवीस ऑक्टोबरच्या सुमारास, तेव्हा निघायची घाई. तिसरा एकवीस नोव्हेंबरच्या सुमारास, तेव्हा टोळी फडात. माघात जन्मलेले बाळ घ्या, त्याचा नववा महिना कार्तिकात भरतो. म्हणजे गोवराची लस नेमकी गाव सुटल्यावर. यात आईबापाची हयगय नाही, ऊसतोडीचा हंगामच तसा आहे. म्हणून त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

बंदोबस्त तीन गोष्टींनी होतो. पहिली, निघण्याच्या आठ दिवस आधी आशाताईंना भेटा. जो डोस देय झाला असेल तो गावातच घेऊन टाका, आणि पुढचा केव्हा आहे ते कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दुसरी, कार्ड बरोबर न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जिथे आधारकार्ड ठेवता तिथेच ठेवा. कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कार्ड भिजले, हरवले, तरी फोटोवरून काम भागते. आता लसींची नोंद यू-विन या सरकारी संगणकीय नोंदवहीतही होते, म्हणून मोबाईल नंबर नोंदवताना जो कायम चालू असतो तो द्या. तिसरी, जिथे गाड्या सुटतील तिथल्या उपकेंद्राची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. तुम्ही त्या गावचे नाही, जिल्ह्याचे नाही, राज्याचे नाही, तरी बाळाला लस मिळते आणि फुकट मिळते. देशात कुठल्याही सरकारी केंद्रात हा हक्क आहे.

कार्ड नाही आणि काय टोचले ते आठवत नाही, अशी वेळ आली तरी संकोच करू नका. जा आणि सांगा. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे सुटले तिथून पुढे धरतात, मध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. उशीर झाला म्हणून नर्सबाई बोलतील, या भीतीने घरी बसणे हेच खरे नुकसान.

मुकादम मंडळी हे ऐकत असतील, त्यांनाही विनंती. टोळीतल्या कोयत्यांची यादी तुमच्याकडे असते, उचल किती दिली ते तोंडपाठ असते. त्याच वहीत टोळीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावे लिहा. लसीच्या दिवशी बाळाच्या आईला अर्धा दिवस मोकळा द्या आणि त्याचा खाडा धरू नका. आणि ज्यांच्या शेतात, ज्यांच्या गावाशेजारी या कोप्या पडतात, त्या बागाईतदार बंधूंनो, आपल्या गावच्या आशाताईंना एवढे कळवा की अमुक शेतापाशी टोळी उतरली आहे, लहान मुले आहेत. एक निरोप दिला तर लसीची पेटी कोपीपर्यंत येते. त्यांची मुले आपल्याच गावच्या मुलांशी खेळतात. कुंपणाचे खिंडार त्यांच्या कोपीपाशी राहिले, तर रोग आपल्याही घरात शिरेल.

लस चांगली आहे हे कसे ओळखावे?

फुकटची म्हणून सरकारी लस कमअस्सल, असा एक समज आहे. लाळ-खुरकुताची लसही सरकार फुकट टोचते. २०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यभर जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस फुकटच टोचली. ती घेताना आपण किंमत विचारली नाही.

लस नाजूक मात्र असते. जिवाणू खताचे पाकीट उन्हात ठेवले की जिवाणू मरतात, हे आपल्याला माहीत आहे. तशीच लस. ती कारखान्यापासून आपल्या अंगणवाडीपर्यंत दोन ते आठ अंश तापमानात आणावी लागते. म्हणून नर्सबाईंच्या खांद्यावर ती बर्फाची पेटी. लसीच्या कुपीवर एक खूण असते : गोल आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असला की लस चांगली. उष्णता लागली तर चौकोन काळा पडत जातो, आणि गोलाइतका काळा झाला की ती लस वापरत नाहीत. शंका असेल तर विचारा, "ताई, खूण दाखवा." त्या दाखवतील. विचारण्यात काही गैर नाही.

गोवराची आणि बीसीजीची कुपी एकदा फोडली की चार तासांत वापरावी लागते. म्हणून दिलेल्या वेळेला या. आणि एकच बाळ आले तरी कुपी फोडण्याचा नियम आहे, तेव्हा आपल्या एकट्यासाठी कशाला, असे म्हणून परत फिरू नका.

गावाने काय करावे

लसीचा दिवस बाजाराच्या दिवशी येत असेल तर ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राला तसे कळवून दिवस बदलून घ्यावा. आदल्या संध्याकाळी दवंडी द्यावी, देवळाच्या कर्ण्यावरून सांगावे. वस्ती लांब असेल तर कुणाची तरी गाडी त्या दिवशी फिरवावी. ग्रामसभेत पाणी आणि रस्ता यांबरोबर, लस राहिलेली मुले गावात किती, हा प्रश्नही सरपंचांना विचारावा. आणि महिन्यातून एकदा बापाने बाळाला कडेवर घेऊन अंगणवाडीत जावे. रात्री ताप आला तर मग घरात बोलणी होणार नाहीत, कारण सुई टोचताना बाप समोर होता.

आता वेळापत्रक सांगतो. हे पत्रक दाराआड चिकटवून ठेवा.

मुलाच्या लसींचे वेळापत्रक

गरोदर आईला : गरोदरपण कळताच धनुर्वात-घटसर्पाची (टीडी) लस, चार आठवड्यांनी दुसरी. आधीच्या बाळंतपणात दोन्ही घेतल्या असतील आणि तीन वर्षे झाली नसतील, तर एकच.

जन्मल्यावर : बीसीजी, पोलिओचे थेंब, आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब ची लस.

दीड महिना (६ आठवडे) : पेंटा पहिला, पोलिओचे थेंब व पोलिओची सुई, जुलाबावरील रोटा, न्यूमोनियावरील पीसीव्ही.

अडीच महिने (१० आठवडे) : पेंटा दुसरा, पोलिओचे थेंब, रोटा.

साडेतीन महिने (१४ आठवडे) : पेंटा तिसरा, पोलिओचे थेंब व सुई, रोटा, पीसीव्ही.

नऊ महिने पूर्ण होताच : गोवर-रुबेला पहिला, पीसीव्हीचा वाढीव डोस, पोलिओची सुई, अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस.

१६ ते २४ महिने : गोवर-रुबेला दुसरा, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात (डीपीटी) वाढीव डोस, पोलिओचे थेंब.

५ ते ६ वर्षे : डीपीटीचा दुसरा वाढीव डोस.

१० वर्षे आणि १६ वर्षे : टीडी.

काही ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचीही लस देतात. त्याची चौकशी आपल्या आरोग्य केंद्रात करावी.

ध्यानात ठेवण्याजोगे

लस टोचून निघताना नर्सबाईंना चार गोष्टी विचारा : कोणती लस दिली, पुढची कधी, त्रास झाला तर काय करायचे, आणि कार्डावर लिहिले का.

ताप आला म्हणून पुढचा डोस सोडू नका. डोस चुकला म्हणून लाजू नका.

परगावी निघताना शिधा बांधाल तसे लसीचे कार्ड बांधा.

मृगाआधी जनावरांना लस टोचालच. त्या दिवशी संध्याकाळी घरी आलात की बाळाचे कार्ड मागून घ्या आणि पुढची तारीख कोणती आहे ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. तारीख उलटून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंचे घर गाठा. एवढे आपण सर्वांनी केले तर घटसर्पाला गोठ्यातही जागा राहणार नाही आणि पाळण्यापाशीही.

नमस्कार.